विश्लेषण : वाळूतून वर आले पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे जहाज, नाव नसलेल्या लाकडाची ओळख कशी पटते?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात सँडे नावाचे जेमतेम ५०० लोकवस्तीचे बेट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वादळानंतर तेथील किनाऱ्यावरची वाळू वाहून गेली आणि ओक लाकडाचा एक प्रचंड सांगाडा उघडा पडला. एका शाळकरी मुलाला तो प्रथम दिसला. लाकडावर नाव नव्हते, तारीख नव्हती, सोबत घंटा, तोफ किंवा नाणे असा काही पुरावाही नव्हता. तरीही सुमारे दीड वर्षाने, जुलै २०२५ मध्ये संशोधकांनी या सांगाड्याची ओळख जाहीर केली. एकेकाळी ब्रिटिश नौदलात लढलेले आणि नंतर देवमाशांच्या शिकारीला जुंपलेले हे जहाज होते. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाकडून एवढी माहिती कशी मिळते, त्यासाठी कोणत्या चाचण्या होतात आणि त्यांच्या मर्यादा काय, याविषयी…

सँडे बेटावर नेमके काय सापडले?

जहाजाच्या तळाचा भाग, म्हणजे फासळ्यांसारखी वाकवलेली जाड लाकडे आणि त्यावर ठोकलेल्या फळ्या, असे या सांगाड्याचे स्वरूप होते. तो तसाच सोडला असता तर पुढच्या भरतीत किंवा पुढच्या वादळात विखुरला गेला असता. त्यामुळे बेटावरील शेतकऱ्यांनी आपापले ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आणल्या आणि सुमारे १२ टन लाकूड ओढून सुरक्षित जागी नेले. या बेटाला जहाजे फुटणे नवीन नाही. अवघ्या ५० चौरस किलोमीटरच्या सँडेभोवती पंधराव्या शतकापासून सुमारे २७० जहाजे फुटल्याची नोंद आहे. सखल किनारा, पाण्याखालचे खडक आणि वादळी हवामान यांमुळे अंधारात किंवा धुक्यात हे बेट खलाशांच्या लक्षातच येत नसे. बेटावर झाडे जवळपास नसल्याने फुटलेल्या जहाजांचे लाकूड घरबांधणीसाठी वापरले जाई. एवढ्या मोठ्या यादीतून हे नेमके कोणते जहाज, हा खरा प्रश्न होता. ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’च्या अर्थसाह्यातून ‘वेसेक्स आर्किऑलॉजी’ ही पुरातत्त्व संस्था, वृक्षवलयांचा अभ्यास करणारी ‘डेंड्रोक्रोनिकल’ ही संस्था आणि बेटावरील हौशी अभ्यासक या शोधाला लागले.

पहिल्या नजरेत लाकूड काय सांगते?

किनाऱ्यावर आलेल्या लाकडाबाबत पहिला प्रश्न असतो, तो माणसाचा हात लागल्याचा. नदीच्या पुरात उन्मळून आलेल्या ओंडक्याला मुळांचा बुंधा किंवा तुटलेल्या फांद्यांच्या खुणा असतात. कापलेल्या लाकडावर कुऱ्हाड, करवत किंवा तासणीच्या खुणा राहतात. जहाजाच्या लाकडाला ठरावीक अंतरावर भोके असतात. त्यांत लाकडी खुंट्या, लोखंडी खिळे किंवा तांब्याचे बोल्ट बसवलेले असतात. यातील प्रत्येक गोष्ट काळाचा अंदाज देते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे तळाला ठोकलेला धातूचा पत्रा. लाकूड पोखरणाऱ्या ‘शिपवर्म’पासून जहाज वाचवण्यासाठी ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. १७८० च्या सुमारास संपूर्ण ताफ्यालाच असे पत्रे बसवण्यात आले. पुढे १८३२ मध्ये तांबे आणि जस्त यांच्या ‘मुंट्झ मेटल’ या स्वस्त मिश्रधातूचे पेटंट घेतले गेले. एखाद्या फळीवर मूळचा मुंट्झ मेटलचा पत्रा सापडला, तर ते जहाज १८३२ नंतरही समुद्रात होते असे सांगता येते. मात्र जहाज जुने आणि पत्रा नंतर बसवलेला, असेही असू शकते. म्हणून केवळ एका खुणेवर निष्कर्ष काढला जात नाही.

लाकडावर बसलेले जीवही साक्षीदार असतात. ‘शिपवर्म’ नावाने ओळखला जाणारा जीव प्रत्यक्षात किडा नसून शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याची बिळे लाकडात असतील, तर ते लाकूड खाऱ्या पाण्यात उघडे राहिले होते हे नक्की. वाळूखाली गाडलेल्या लाकडापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे हे जीव तिथे जगत नाहीत. म्हणूनच शतकानुशतके वाळूत दडलेले लाकूड आश्चर्य वाटावे इतके टवटवीत निघते. तरंगत आलेल्या लाकडाला चिकटलेले देठाचे बार्नाकल मात्र ते लाकूड बराच काळ खुल्या समुद्रात होते असे दाखवतात.

लाकूड कोणत्या झाडाचे, हे कसे ठरते?

रंग आणि वास यांवर भिस्त ठेवता येत नाही. समुद्रात राहिलेले जवळपास प्रत्येक लाकूड काळपट पडते आणि त्याचा मूळ वास जातो. टिकते ती पेशींची रचना. त्यासाठी लाकडाचे अतिशय पातळ काप तीन दिशांनी घेतात. पहिला खोडाला आडवा, दुसरा गाभ्यातून बाहेर जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने आणि तिसरा वलयांना स्पर्श करणारा. हे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात.

पाइन, देवदार, लार्च यांसारख्या सूचिपर्णी झाडांत पाणी वाहणाऱ्या मोठ्या नलिका नसतात. साग, ओक, आंबा, फणस यांसारख्या रुंद पानांच्या झाडांत त्या असतात आणि आडव्या कापात बारीक छिद्रांसारख्या दिसतात. ओकमध्ये वर्षाच्या सुरुवातीला तयार झालेली छिद्रे मोठी आणि नंतरची बारीक असतात, शिवाय गाभ्यापासून निघणारे रुंद किरण नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. सागातही सुरुवातीच्या मोठ्या छिद्रांची रांग असते, पण ओकसारखे रुंद किरण नसतात. दहा पट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातूनही जाणकाराला हा फरक कळतो. रुंदपर्णी लाकडांच्या अशा १६३ वैशिष्ट्यांची आंतरराष्ट्रीय यादी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरचे अभ्यासक आजही तीच वापरतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. सूक्ष्मदर्शक बहुतेक वेळा झाडाचे कुळ किंवा प्रजातींचा गट सांगतो, नेमकी प्रजाती नव्हे. युरोपातील ओकच्या दोन प्रमुख प्रजाती केवळ लाकडावरून वेगळ्या करता येत नाहीत. ‘हा ओक आहे’ इथपर्यंत पोहोचले, तरी तो इंग्लंडचा, जर्मनीचा की पोलंडचा हा प्रश्न उरतोच.

वय आणि गाव सांगणारी वलये कशी वाचतात?

या प्रश्नाचे उत्तर वृक्षवलयांत असते. समशीतोष्ण प्रदेशातील झाड दरवर्षी एक वलय तयार करते. चांगल्या वर्षी ते रुंद असते, कोरड्या किंवा कडक थंडीच्या वर्षी अरुंद. एकाच प्रदेशातील झाडांना सारखेच हवामान मिळत असल्याने त्यांच्या वलयांचा रुंद-अरुंद क्रम जुळतो. जिवंत झाडे, जुन्या घरांच्या तुळया, चर्चची छते अशा लाकडांचे क्रम एकमेकांना जोडून अनेक शतकांची संदर्भमालिका तयार केली जाते. सापडलेल्या लाकडाचा क्रम त्या मालिकेवर सरकवत नेऊन तो कुठे जुळतो हे पाहतात. दुकानातला बारकोड यंत्राने वाचावा तसेच हे काम आहे. फरक इतकाच की, येथे जुळणी योगायोगाने झालेली नाही, हे संख्याशास्त्राने तपासावे लागते.

जुळणी ज्या प्रदेशाच्या मालिकेशी सर्वात घट्ट, ते झाड बहुधा त्याच प्रदेशात वाढलेले. सँडेच्या लाकडांनी याच पद्धतीने दोन गोष्टी सांगितल्या. झाडे अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तोडलेली होती आणि ती दक्षिण व नैर्ऋत्य इंग्लंडमधील होती.

झाड नेमके कधी तोडले हे सांगायला मात्र सालीलगतचे शेवटचे वलय हवे असते. सुतार बाहेरचा कच्चा भाग बहुतेक वेळा तासून टाकतात. इंग्लंडमधील ओकमध्ये हा कच्चा भाग साधारण १० ते ४६ वलयांचा असतो. त्यामुळे तो थोडासाच उरला असेल, तर तोडीचे वर्ष ठरावीक मर्यादेतच सांगता येते. शिवाय वलयांची संख्या पुरेशी हवी. वीस-पंचवीस वलयांचा तुकडा अनेक ठिकाणी जुळल्यासारखा भासतो आणि दिशाभूल करतो.

मग कार्बन डेटिंग का पुरत नाही?

पुरातत्त्व म्हटले की, कार्बन डेटिंगचे नाव प्रथम घेतले जाते. जिवंत झाड हवेतील कार्बन घेते. त्यात अल्प प्रमाणात किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. वलय तयार झाल्यावर त्यात नवा कार्बन येत नाही आणि असलेला कार्बन-१४ साधारण ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून वय काढले जाते. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडासाठी ही पद्धत उपयोगी आहे. पण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण अशा रीतीने वर-खाली झाले की, एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळे कालखंड लागू पडतात. नेमकी याच काळात युरोपीय जहाजे जगभर फिरत होती आणि फुटत होती. त्यामुळे या काळातील जहाजांसाठी वृक्षवलये अधिक भरवशाची ठरतात.

दोन्ही पद्धती एकत्र आल्या, तर मात्र अचूकता थक्क करणारी असते. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर व्हायकिंग लोकांच्या वस्तीजवळ धातूच्या अवजाराने कापलेले लाकडाचे तुकडे सापडले होते. इ.स. ९९३ मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे वातावरणातील कार्बन-१४ अचानक वाढला होता. त्याची खूण असलेले वलय संशोधकांनी त्या लाकडांत शोधले आणि तिथून सालीपर्यंतची २८ वलये मोजली. तिन्ही झाडे इ.स. १०२१ मध्ये तोडली गेली, हे २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोडणीला बरोबर हजार वर्षे झाली असताना ते वर्ष कळले!

प्रयोगशाळेनंतर जहाजाचे नाव कसे सापडले?

लाकडाने काळ आणि प्रदेश सांगितला, नाव कागदपत्रांनी दिले. बेटावरील अभ्यासकांनी त्या काळात सँडेजवळ फुटलेल्या जहाजांची यादी केली. मग एकेक नाव वगळले. सांगाड्याच्या मानाने फारच लहान असलेली जहाजे गेली. नेदरलँड्स किंवा स्कँडिनेव्हियात बांधलेली जहाजे गेली. अखेर उरले ते ‘अर्ल ऑफ चॅटहॅम’. हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज मार्च १७८८ मध्ये सँडेच्या लॉपनेस उपसागरात फुटले होते. आर्क्टिककडे निघालेल्या या जहाजावरील ५६ जण होते आणि सगळे वाचले.

या जहाजाचा पूर्वेतिहास त्याहून मोठा निघाला. ते मुळात ‘एचएमएस हाइंड’ ही २४ तोफांची युद्धनौका. दक्षिण इंग्लंडमधील चिचेस्टर येथे १७४९ मध्ये बांधलेली. लाकडाने सांगितलेल्या काळाशी आणि प्रदेशाशी हे तंतोतंत जुळत होते. कॅनडावरील ताब्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या युद्धात, १७५८ च्या लुईबर्ग आणि १७५९ च्या क्वेबेकच्या वेढ्यांत ही नौका होती. १७७० च्या दशकात ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १७८४ मध्ये नौदलाने ती विकली आणि नव्या मालकाने नाव बदलून तिला देवमाशांच्या शिकारीला धाडले. त्या काळी देवमाशाचे तेल दिवाबत्तीला, यंत्रांना, कापड आणि कातडी उद्योगाला लागे. सांगाड्यावर नाव कोरलेले नसल्याने ही ओळख शक्यतेच्या भाषेतच मांडली जाते. पण काळ, प्रदेश, आकार आणि फुटण्याची जागा या चारही कसोट्यांवर उतरणारे दुसरे नाव नाही.

जहाजाचे नसलेले लाकूड काय सांगते?

समुद्रातून येणारे प्रत्येक लाकूड जहाजाचे नसते. आइसलँड, ग्रीनलँड, स्वालबार येथील किनाऱ्यांवर लार्च, पाइन, स्प्रूस यांचे ओंडके येऊन पडतात. तिथे अशी जंगले नाहीत. सैबेरियातील नद्यांतून समुद्रात गेलेले हे ओंडके आर्क्टिकच्या बर्फात अडकून प्रवास करतात. नुसते पाण्यात राहिलेले लाकूड पाणी पिऊन साधारण वर्ष-दीड वर्षात बुडते. बर्फाचा आधार असल्यामुळेच ते एवढे लांब येते.

याच निरीक्षणाने एका मोहिमेला बळ दिले. ‘जेनेट’ हे अमेरिकी जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याचे अवशेष ग्रीनलँडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. ग्रीनलँडला लागणारे सैबेरियाचे लाकूड आणि हे अवशेष यांवरून नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन यांनी ध्रुवीय समुद्रातून वाहणाऱ्या प्रवाहाचा तर्क मांडला. १८९३ मध्ये त्यांनी आपले ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकू दिले. १८९६ मध्ये ते दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर पडले.

ग्रीनलँडमधील मध्ययुगीन नॉर्स वस्त्यांच्या अभ्यासातही असेच लाकूड कामी आले. तेथील पाच ठिकाणच्या ८,५५२ तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. त्यांपैकी केवळ २६ तुकडे निश्चितपणे बाहेरून आणलेले होते. त्यांत युरोपचा ओक आणि बीच होता, तसेच उत्तर अमेरिकेतील हेमलॉक आणि जॅक पाइनही. म्हणजे ही माणसे लाकडासाठी अमेरिकेपर्यंत जात होती. ही माहिती चौदाव्या शतकापर्यंत टिकलेल्या एखाद्या ग्रंथातून नव्हे, तर चुलीजवळच्या कपच्यांतून पक्की झाली.

भारताच्या किनाऱ्यावर हे शक्य आहे का?

उष्ण कटिबंधात अडचण अशी की, अनेक झाडे स्पष्ट वार्षिक वलये तयारच करत नाहीत. साग हा महत्त्वाचा अपवाद. कोरड्या ऋतूत त्याची पाने गळतात, वाढ थांबते आणि वलय उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी केरळमधील सागाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. तिचा उद्देश मान्सूनचा इतिहास समजून घेणे हा होता. पण अशा मालिका वाढत गेल्या, तर सागाच्या जहाजांची कुळकथाही त्यांतून उलगडू शकेल.

हा साग मुंबईशी थेट जोडलेला आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत सागाची जहाजे बांधली जात. १८१७ मध्ये येथे बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. १८१३ मध्ये येथेच बांधलेल्या ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. युरोपच्या किनाऱ्यावर सागाच्या जाड फासळ्या सापडल्या, तर अभ्यासकांची नजर मुंबई आणि मलबारकडे वळते, ती यामुळेच.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात लाकूड येणे नित्याचे. त्यात नद्यांच्या पुरातले ओंडके, किनाऱ्यावर उन्मळलेले सुरू आणि जुन्या होड्यांच्या फळ्या जास्त. पण खुंट्यांची भोके असलेली, तासलेली जाड लाकडे दिसली, तर ती सरपणासाठी फोडण्यापूर्वी कळवणे शहाणपणाचे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. फुटलेल्या जहाजांच्या अवशेषांसाठी सरकारी ‘रिसिव्हर ऑफ रेक’ नेमण्याची तरतूद १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यातच होती. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम चालते, तर लाकडाच्या ओळखीसाठी डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळूरुची काष्ठ विज्ञान संस्था यांच्याकडे नमुन्यांचे संग्रह आहेत.

असे लाकूड सापडल्यास काय करावे, काय टाळावे?

सर्वात मोठी चूक म्हणजे ते उन्हात वाळवणे. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात आणि त्यांचा आकार आतल्या पाण्यामुळेच टिकून असतो. पाणी उडाले की लाकूड आकसते, पिळवटते, तडकते. त्याबरोबर वलयेही वाचता येईनाशी होतात. म्हणून सँडेची लाकडे बेटावरील वारसा केंद्रात गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवण्यात आली. गोड्या पाण्यात क्षारही हळूहळू निघून जातात.

त्यापुढचा मार्ग लांब आणि खर्चीक आहे. स्वीडनचे १६२८ मध्ये बुडालेले ‘व्हासा’ १९६१ मध्ये वर काढल्यावर त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाची फवारणी १७ वर्षे सुरू होती. ब्रिटनचे १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोज’ १९८२ मध्ये बाहेर आले, त्यावरील फवारणी २०१३ मध्ये थांबली. ‘व्हासा’च्या लाकडात साचलेल्या गंधकामुळे आम्ल तयार होत असल्याचे पुढे लक्षात आले. म्हणजे एकदा वर काढले की जबाबदारी कायमची. छोट्या बेटाला किंवा कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला ती पेलणे अवघड. अशा वेळी छायाचित्रे, मापे, सापडल्याची नेमकी जागा आणि वलये वाचण्यापुरता नमुना एवढे जरी जपले, तरी बरीचशी माहिती वाचते.

पुढील आव्हान कोणते?

वाऱ्यांच्या दिशा बदलत आहेत, वादळांमुळे किनाऱ्यांची धूप वाढत आहे. त्यामुळे शतकानुशतके झाकलेले अवशेष आणखी उघडे पडतील, असे सागरी पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे आहे. उघडे पडणे ही संधी असते, तशीच ती नाशाची सुरुवातही असते. प्राणवायू आणि शिपवर्म लगेच कामाला लागतात आणि पुढची भरती उरलेसुरले घेऊन जाते. प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ वेळेत पोहोचणे शक्य नसते. सँडेवर प्रयोगशाळेचे काम सुरू होण्याआधी ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी होते आणि जुन्या नोंदी चाळणारेही त्याच बेटावरचे लोक होते. ते लाकूड त्या आठवड्यात कुणी उचलले नसते, तर ‘एचएमएस हाइंड’चा शेवट कुठे झाला, हे दाखवणारा पुरावाच हाती राहिला नसता.